शब्दचर्चा : मराठीत ‘कीर्तन’ लिहावं, ‘स्तोत्र’ की ‘गीत’?

बेळगावची_मंडळी

आमच्या ख्रिस्ती मंडळीची (चर्चची) वर्धापनदिनाची पुस्तिका यंदा कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत निघतेय. जुन्या ख्रिस्ती गीतांच्या इतिहासावरचा मूळ लेख कन्नडमध्ये आहे, मराठी करायचं काम माझ्याकडे. पहिल्याच पानावर अडलंय. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९च्या सुमारास आपलं सर्वांत गाजलेलं गीत ‘४६व्या कीर्तने’वरून रचलं, असं तिथे आहे. कन्नड बायबलात दाविदाच्या पुस्तकाचं नावच ‘कीर्तनेगळु’. आपल्या मराठी बायबलात तीच ‘स्तोत्रसंहिता’. मी ‘४६व्या स्तोत्रावरून’ केलं. मंडळीतले एक काका म्हणाले, ‘कीर्तन’च ठेव, इथल्या माणसांच्या तोंडात तेच आहे. आणि ते खरं आहे. घरी मराठी बोलणारी, पण शाळा कन्नडमध्ये झालेली कितीतरी माणसं इथे ‘तेविसावं कीर्तन’ असंच म्हणतात.

दुसरी अडचण त्याहून मोठी. लेखात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडातल्या बऱ्याच मंडळ्या पूर्वी उपासनेत फक्त बायबलातली स्तोत्रं छंदात बसवून गायच्या. माणसाने स्वतःच्या मनाने रचलेले शब्द देवापुढे गावेत की नाही, यावर तिथे खरंच भांडणं होती. आयझॅक वॉट्सने १७०७मध्ये स्वतंत्र रचनांचं पुस्तक काढलं आणि ‘हिम’ला (hymn, म्हणजे अशा स्वतः रचलेल्या उपासनागीताला) तिथे बळ आलं. मग १८७०च्या दशकात उपदेशक मूडी आणि त्याचा गायक साथी सँकी यांच्या सभांतून सोप्या चालीची, ध्रुवपद सगळ्यांनी मिळून म्हणायची ‘गॉस्पेल साँग’ पसरली. तिन्हींना ‘गीत’ म्हटलं तर लेखाचा कणाच मोडतो. स्तोत्र, गीत, आणि तिसऱ्याला काय म्हणू?

खानापूरची

ताई, ‘कीर्तन’ नका ठेवू. आमच्या गल्लीत एका घरी वर्षश्राद्धासारखी प्रार्थना होती. पत्रिकेत ‘सायंकाळी ६ वाजता – कीर्तन २३’ असं छापलेलं. शेजारच्या माळकरी आजी नातवाला घेऊन साडेपाचलाच येऊन बसल्या आणि विचारायला लागल्या, ‘बुवा कुठले येणार गं?’ पाळकांनी सहा ओव्या वाचाव्यात तसं ते स्तोत्र वाचलं, मिनिटभरात संपलं. आजी तरी बसून राहिल्या, प्रार्थना ऐकून, चहा घेऊनच गेल्या. पण त्या कीर्तनाला आल्या होत्या हो, आणि त्यात त्यांचं काय चुकलं?

निपाणीकर

बरोबर बोललात. मराठीत कीर्तन म्हणजे उभं राहून करायची गोष्ट. नारदीय असेल तर पूर्वरंग, उत्तररंग. वारकरी असेल तर एक अभंग घेऊन त्यावर निरूपण, मागे टाळकरी. कीर्तन ‘करतात’, ‘वाचत’ नाहीत. शेकडो वर्षांनी घट्ट झालेला अर्थ एका पुस्तिकेसाठी सैल करू नये. सीमाभागात आपली भाषा टिकवायला आधीच काय काय सोसावं लागतं हे तुम्हाला मी सांगायला नको. ‘स्तोत्र’च लिहा.

धारवाडला_शिकलेला

निपाणीकर सर, ‘सैल’ कुणी केलं नाही. कन्नडमध्ये कीर्तने म्हणजे रचना, गायचं पद. संतकवी पुरंदरदासांच्या पदांना कीर्तनेच म्हणतात, आणि त्यांची नाममुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’, म्हणजे देवही पंढरीचाच. धातू एकच, कीर्ती गाणं, सांगणं. आपण सांगण्याची रीत धरली, त्यांनी पद धरलं. हिब्रूतही या पुस्तकाचं नाव ‘तेहिल्लीम’, म्हणजे स्तुती. त्या अर्थाने कीर्तने अगदी नेमकं बसलंय. उलट ‘साम’ (psalm) हा जो इंग्रजी शब्द, तो ग्रीकमधल्या तार छेडण्याच्या क्रियापदावरून आलाय. तिथे स्तुतीचा संबंधच नाही.

आणि ‘स्तोत्र’ लिहून प्रश्न सुटत नाही बघा. कन्नड मंडळ्यांत ‘देवरिगे स्तोत्र’ म्हणजे देवाची स्तुती असो, देवाचे आभार. लोक भेटल्यावरसुद्धा म्हणतात. ‘४६वं स्तोत्र’ वाचून आमच्या घरातली वयस्कर माणसं थबकतील.

नगरची_लेक

माहेर नगर, सासर बेळगाव. दोघांचंही म्हणणं अपुरं आहे, कारण ख्रिस्ती कीर्तन नावाची खरीखुरी गोष्ट आहे. आमच्या जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकातच ती रुजली. कीर्तनकार उभा, हाताशी पेटी-तबला, येशूच्या दृष्टांताचं आख्यान, मध्ये साकी, दिंडी अशा वृत्तांतली पदं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर हे मनापासून उचलून धरलं. १८९५ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांना सोडलं नाही. अभंगातच लिहीत राहिले. ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या हातून अपुरं राहिलं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. म्हणजे ‘कीर्तन’ हा शब्द आपल्याच मंडळीत आधीच एका कामावर आहे. त्याला दुसऱ्या कामाला लावलं तर टिळकांच्या पिढीने जे कमावलं ते पुसलं जाईल, आणि मला ते फार लागेल.

शहापूर_पेठ

कुणी मूळ शब्दाकडे का बघत नाही? इंग्रजी ‘हिम’ हा ग्रीक ‘हुम्नोस’. आपल्याकडे ‘शिवमहिम्न’. महिम्न आणि हुम्नोस म्हणून बघा एका दमात. मला तर हे एकच वाटतं. मग सरळ ‘महिम्नगीत’ म्हणा की! शब्द आपला, अर्थही आपला.

धारवाडला_शिकलेला

काका, ऐकायला गोड आहे, पण ‘महिमन्’मध्ये ‘इमन्’ हा प्रत्यय आहे. गरिमा, लघिमा, तसाच महिमा. ‘म्न’ हा विभक्तीमुळे आलेला जोड. ग्रीक शब्दाशी नातं नाही.

शहापूर_पेठ

प्रत्यय मलाही ठाऊक आहे. पण लोकांच्या कानाला जे जुळतं ते पुस्तकातल्या व्युत्पत्तीपेक्षा जास्त टिकतं, हे माझं म्हणणं कायम.

निपाणीकर

हेच तर नको. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्लीने १७८०च्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत विनंती केली होती, की आमची गीतं छापायची तर छापा, पण ‘सुधारू’ नका. रचणाऱ्याच्या शब्दाचा मान राखायचा असतो. तुमची मंडळी मेथडिस्ट असेल तर हे वाक्य पुस्तिकेत पहिल्या पानावर घाला.

खानापूरची

घाला की, आणि त्याच्याखाली हेही घाला. त्याच वेस्लीच्या भावाने, चार्ल्सने, १७३९ला नाताळाचं जे गीत लिहिलं त्याची पहिली ओळ ‘आकाश कसं दुमदुमतंय’ अशा अर्थाची होती, त्यात दूतांचं नाव नव्हतं. १७५३मध्ये व्हाइटफील्ड या उपदेशकाने ती बदलली आणि गाणारे दूत पहिल्या ओळीत आले. आज जगभर बदललेलीच ओळ गातात. संगीतकार मेंडेलसोनची चाल तर त्यानंतर शंभर वर्षांनी लागली. गाणाऱ्यांनी शब्द आपलासा केला म्हणूनच ते गीत जगलं. म्हणून म्हणते, कीर्तन नको ते शुद्धतेसाठी नाही, शेजारच्या आजींसाठी नको.

कॅम्पातला

तुम्ही सगळे प्रॉटेस्टंट बाजूनेच बोलताय. आम्हा कॅथलिकांकडे मिस्सा (मुख्य उपासना) लॅटिनमध्ये होती, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२-६५). लोकांच्या भाषेतली गाणी खरी जगली ती क्रुसापुढच्या लदाइनीत, म्हणजे मिळून म्हणायच्या प्रार्थनेत. खानापूरकडच्या कोंकणी घरांत अजून ‘गायनां’ म्हणतात, आणि ‘कांतार’ म्हटलं की ते करमणुकीचं. देवळातलं गायन आणि अंगणातलं कांतार! हा भेद तुमच्या लेखातल्या हिम आणि गॉस्पेल साँगच्या भेदाच्या जवळ जातो.

बेळगावची_मंडळी

कॅम्पातले दादा, हे नवीन कळलं. पण गॉस्पेल साँग करमणुकीचं नव्हे हो. सँकी छोट्या ऑर्गनवर बसून गायचा आणि ऐकणारी माणसं रडायची. अशी गीतं रचणारी फॅनी क्रॉसबी दृष्टिहीन, तरी हजारोंनी गीतं तिने मुखाने सांगून लिहून घेतली. ‘सुवार्तागीत’ कसं वाटतं? सुवार्ता कन्नडमध्येही तोच शब्द आहे, दोन्हीकडे चालेल.

नगरची_लेक

सुवार्तागीत छान. ‘शुभवर्तमानगीत’ जिभेला जड आहे. पण एक सांभाळा. आज मुलांना ‘गॉस्पेल’ म्हटलं की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मंडळ्यांचं गायन आठवतं. ते वेगळं घराणं आहे. गुलामीत जन्मलेली ‘स्पिरिच्युअल’ गीतं १८७१पासून फिस्क विद्यापीठाच्या गायकांनी गावोगाव नेली. पुढे १९३०च्या दशकात थॉमस डॉर्सीने ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या संगीताची ढब उपासनेत आणली. बायको आणि नवजात बाळ एकदमच गेल्यावर त्याने जे लिहिलं, ते सँकीच्या पंगतीत बसवू नका. दोन्हींना एकच शब्द दिला तर डॉर्सीवर अन्याय.

निपाणीकर

मग दुसऱ्याला गॉस्पेलच म्हणा. हा परका शब्द मला चालेल, कारण वस्तूच तिथली आहे.

अनगोळचा_पेटीवाला

शब्दावर एवढं चाललंय, चालीबद्दल कुणीच बोलेना. जॉन न्यूटनचं ‘अमेझिंग ग्रेस’ १७७३च्या नववर्षदिनाच्या उपदेशासाठी लिहिलं गेलं, १७७९ला छापलं. आज आपण गातो ती चाल त्याला १८३५ला अमेरिकेत जोडली गेली. मधली पन्नास-साठ वर्षं लोक वेगवेगळ्या चालींवर गात होते, कारण आठ-सहा-आठ-सहा अक्षरांच्या मापात बसणारी कुठलीही चाल लावता यायची. आमच्या आजीच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकामध्ये प्रत्येक गीताच्या डोक्यावर शिसपेन्सिलीने तिची चाल लिहिलेली आहे. एके ठिकाणी इंग्रजी चालीचं नाव खोडून ‘भूपाळीप्रमाणे’ लिहिलंय. कोपऱ्यात कन्नड अक्षरांत ‘सावकाश’. तिला मराठी वाचता यायचं, लिहायला मात्र कन्नडच सोपं पडायचं.

खानापूरची

भूपाळीप्रमाणे कुठलं गीत? क्रमांक सांगा ना.

कॅम्पातला

पेटीवाले, भूपाळी म्हणजे राग भूप की घनश्याम सुंदरावाली चाल? दोन्ही एक नव्हेत.

अनगोळचा_पेटीवाला

घनश्यामवालीच असणार. आजीला रागाचं नाव ठाऊक नव्हतं, पहाटेची चाल ठाऊक होती.

निपाणीकर

ती चाल इंग्रजी मापाच्या गीतावर बसूच शकत नाही. अक्षरं मोजून बघा.

अनगोळचा_पेटीवाला

सर, ती बसवायची. ओळीचा शेवट ओढून. रविवारी दुपारी या, पेटीवर वाजवून दाखवतो.