लॉवेलचं पाणी, दक्षिणेचा कापूस

अमेरिकेच्या उत्तरेतल्या कापडगिरण्या मोकळ्या, म्हणजे पगारी, मजुरांवर उभ्या राहिल्या, गुलामगिरी ही दक्षिणेची भानगड, असं वर एका प्रतिसादात आलंय. मला ते अर्धंच पटतं.

मॅसॅच्युसेट्समधलं लॉवेल घ्या. तिथला पॉटकेट कालवा १७९०च्या दशकात खोदला तो मेरिमॅक नदीचा धबधबा टाळून लाकूड खाली न्यायला. १८२०च्या दशकात बोस्टनच्या भांडवलदारांनी तोच ताब्यात घेतला, उपकालवे काढले आणि सुमारे तीस फुटांच्या उतारावर पाणचक्क्या फिरवल्या. मागांवर शेतकऱ्यांच्या मुली. (१८३४ आणि १८३६ला त्यांनी कामही बंद पाडलं होतं.) पण कापूस? तो गुलामांनी वेचलेला. शिवाय त्यातूनच स्वस्त जाडंभरडं कापड विणून मळ्यांवर गुलामांच्या अंगावर घालायला परत पाठवलं जाई. ऱ्होड आयलंडच्या कित्येक गिरण्या अशाच कापडावर चालत.

त्या राज्यातल्या ब्राउन बंधूंचं तर नवलच. सॅम्युएल स्लेटरच्या सूतगिरणीला पैसा पुरवणारा मोझेस हा क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा, गुलामगिरीचा कडवा विरोधक. सख्खा भाऊ जॉन गुलामांच्या व्यापारात. परदेशांशी गुलामांचा व्यापार करायला बंदी घालणाऱ्या १७९४च्या कायद्याखाली जॉनचं जहाजही जप्त झालं. गंमत अशी, की पुढे गुलामांच्या कापसाला जास्त मागणी निर्माण केली ती मोझेसच्या वाटेने, म्हणजे सूतगिरण्यांनी.

न्यूयॉर्क राज्यातल्या एरी कालव्यापुरतं मात्र मोकळ्या मजुरांचं तुमचं म्हणणं जास्त लागू पडेल. तिथे राबले ते बरेचसे स्थानिक आणि आयरिश मजूर, आणि माल मुख्यतः धान्य नि लाकूड.