निळसर गुच्छाकार नमुना: हेमिमॉर्फाइट की स्मिथसोनाइट?

प्रश्न:
माझ्या संग्रहातील एका नमुन्याच्या जुन्या चिठ्ठीवर केवळ ‘कॅलामाइन’ असे लिहिले आहे. तपकिरी, सच्छिद्र लिमोनाइटवर (लोहाचे एक खनिज) फिकट निळा गुच्छाकार थर असून, एका पोकळीत काचेसारखी चमक असलेले रंगहीन, पातळ, चपटे स्फटिक पंख्याप्रमाणे पसरलेले दिसतात. चाकूने ओरखडा उमटतो आणि कस (पुडीचा रंग) पांढरा आहे. संपूर्ण नमुन्याचे वजन हवेत ८७ ग्रॅम व पाण्यात बुडवून ६२ ग्रॅम भरले, म्हणजे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता) सुमारे ३.५ येते. एवढ्यावरून हे हेमिमॉर्फाइट ठरते का?

उत्तर १:
चिठ्ठीचा उपयोग नाही, कारण जस्ताचे कार्बोनेट (स्मिथसोनाइट) आणि जलयुक्त सिलिकेट (हेमिमॉर्फाइट) या दोन्हींना पूर्वी हेच नाव होते. त्यांतील फरक इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जेम्स स्मिथसन यांनी १८०३ मध्ये दाखवून दिला. हेमिमॉर्फाइटचे विशिष्ट गुरुत्व ३.४ ते ३.५ आणि स्मिथसोनाइटचे सुमारे ४.४ असल्याने तुमचा आकडा अनुकूल वाटतो खरा, पण तो लिमोनाइटसह मोजलेला आहे, आणि छिद्रांत अडकलेली हवा स्मिथसोनाइटच्या नमुन्याचा आकडाही सहज ३.५ पर्यंत खाली आणू शकते. काठिण्यही फारसे कामाचे नाही, कारण मोह्स मापावर हेमिमॉर्फाइटचे ४.५ ते ५ आणि स्मिथसोनाइटचे ४ ते ४.५ आहे. माझ्या मते खरा पुरावा त्या पोकळीतच आहे. स्मिथसोनाइटचे स्फटिक सहसा वक्र पृष्ठांचे समांतरषट्फलक (तिरप्या घनासारखे) असतात, तर पातळ, चपट्या स्फटिकांचे पसरट झुबके ही हेमिमॉर्फाइटची ओळख आहे. त्याच्या स्फटिकाचे एक टोक बोथट व दुसरे अणकुचीदार असते. मात्र एक टोक बहुधा खडकात रुतलेले असल्याने दोन्ही एकत्र क्वचितच पाहायला मिळतात.

उत्तर २:
पोकळीतले स्फटिक हेमिमॉर्फाइटचे निघाले, तरी निळा थरही त्याचाच असेल असे नाही; ही दोन खनिजे एकाच नमुन्यात आढळतात. थराचा कणभर तुकडा लिमोनाइटपासून वेगळा करून त्याची पूड कोमट, विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकावी (डोळ्यांवर चष्मा हवाच). स्मिथसोनाइट असल्यास फसफसून बुडबुडे येतील. हेमिमॉर्फाइट बुडबुड्यांविना विरघळेल आणि सिलिकेचे जेल मागे राहील.

प्रश्नकर्ता:
पूड फसफसली नाही आणि जेल तयार झाले. परंतु विलेमाइट हेही जस्ताचे सिलिकेटच आहे. लघुतरंग अतिनील प्रकाशात थर चमकत नाही, म्हणून ते वगळावे का?

उत्तर १:
केवळ त्या कारणाने वगळू नये. न्यू जर्सीतील फ्रँकलिनच्या विलेमाइटची प्रसिद्ध हिरवी दीप्ती त्यातील अल्प मँगनीजमुळे असते आणि सर्वच विलेमाइट तसे चमकत नाही. विलेमाइटचे काठिण्य ५.५ च्या आसपास, विशिष्ट गुरुत्व ३.९ ते ४.२, आणि मुख्य म्हणजे त्यात पाणी नसते. थराचा दुसरा कण पूर्ण वाळवून बंद टोकाच्या परीक्षानळीत तीव्र तापवावा. नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमले, तर विलेमाइटचा प्रश्न उरत नाही.