एक्सेलमध्ये आकडा बोलतो पण तो कोणत्या कॉलमचा तेच कळत नाही, एनव्हीडीएवाले कुणी आहात का?

धूसर_खिडकी:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या. माझी नजर गेल्या दोनेक वर्षांत बरीच खाली आली, आधी स्क्रीन मोठी करून भागायचं, आता तेही होत नाही म्हणून एनव्हीडीए (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर) लावलंय. मेल जमतो, वर्ड जमतं, ब्राउझर रडतखडत जमतो, पण एक्सेलने घाम फोडलाय. आणि याच एक्सेलवर एकेकाळी सगळे माझ्याकडे विचारायला यायचे! अर्थात तेव्हा सगळं माऊसवर होतं.

आमची स्टॉकची शीट आहे, वीस-बावीस कॉलम आणि हजारभर ओळी. उजवी ॲरो दाबत गेलो की ऐकू येतं ४७ एच ३१२, १२ आय ३१२, ० जे ३१२. अरे पण एच म्हणजे काय, आवक की जावक की शिल्लक? मग वर जा, हेडिंग ऐका, परत खाली या, तोवर ४७ होते की ७४ तेच विसरलेलं असतं. हेडिंगची ओळ फ्रीझ केलेली आहे (म्हणजे खाली गेलं तरी ती वर दिसतच राहते), तरी वाचत नाही.

दुसरं म्हणजे फॉर्म्युला लिहिताना काही चुकलं आणि मागे जायला डावी ॲरो दाबली की मागे जायचं सोडून भलत्याच सेलचा पत्ता त्यात घुसतो. काल एका बेरजेत असे तीन पत्ते घुसले, एस्केप मारून सगळं पुसलं, परत लिहिलं, परत तेच.

आणि परवा तर ॲरो दाबतोय पण सेल हलतच नाही. एक्सेल बंद करून उघडलं, एनव्हीडीए बंद करून चालू केलं, काही उपयोग नाही. मशीन रिस्टार्ट केल्यावर झालं ठीक, का झालं ते देव जाणे.

कळफलक_कारकून:
तिन्ही गोष्टींतून मी गेलोय, त्यामुळे वाचताना हसू आलं, राग मानू नका.

आधी हेडिंगचं. फ्रीझ केलेली ओळ डोळ्यांसाठी असते हो, स्क्रीन रीडरला ती हेडिंग आहे हे त्यातून कळत नाही. तुम्हीच सांगायचं. हेडिंगच्या ओळीत सगळ्यात डावीकडच्या हेडिंगवर जाऊन उभे राहा आणि एनव्हीडीए की धरून शिफ्ट सी दाबा (एनव्हीडीए की म्हणजे इन्सर्ट, किंवा तुम्ही कॅप्स लॉक ठेवला असेल तर तो). झालं. आता खाली कुठेही आडवे फिरा, आकड्याबरोबर हेडिंगही बोलेल. तसंच मालाच्या नावांचा जो कॉलम असेल त्यात पहिल्या नावावर जाऊन एनव्हीडीए शिफ्ट आर करा, मग वर-खाली जाताना कोणता माल तेही कळेल. चुकून भलत्या ओळीवर दाबलंत तर तिथेच तीच की पटपट दोनदा दाबली की निघून जातं. फाईल सेव्ह करायला विसरू नका, कारण ही खूण फाईलमध्येच एका नावाच्या रूपात बसते, त्यामुळे दरवेळी करावं लागत नाही, आणि जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही तीच चालते.

एवढं करूनही गप्प राहिलं तर एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये डॉक्युमेंट फॉरमॅटिंगमध्ये टेबलचे हेडर बंद नाहीत ना ते बघा. मी एकदा बडबड कमी करायच्या नादात ते बंद केलं आणि आठवडाभर शीटला शिव्या घालत बसलो.

फॉर्म्युल्याचं उत्तर एकच, एफ २. तुम्ही सेलमध्ये सरळ टाइप करायला लागता तेव्हा एक्सेलला वाटतं की ॲरोने तुम्ही सेल निवडताय, म्हणून पत्ता घालतं. एफ २ एकदा दाबा, मग ॲरो अक्षराअक्षरावर फिरतो. परत दाबलं की पुन्हा सेल निवडायचा मोड. आणि दुसऱ्याने लिहिलेला फॉर्म्युला नुसता ऐकायचा असेल तर एफ २ करून ऐका आणि बाहेर पडताना एस्केप, एंटर नाही, म्हणजे चुकून एखादं अक्षर पडलं असेल तरी मूळ फॉर्म्युला शाबूत राहतो. कंस आणि स्वल्पविराम ऐकू येत नसतील तर एनव्हीडीए पी दाबत दाबत विरामचिन्हांची पातळी सगळ्यात वर न्या. ते न करता फॉर्म्युला लिहिणं म्हणजे कान बंद करून तबला लावणं. काम झालं की मात्र खाली आणा नाहीतर मेल वाचताना वेड लागेल.

उलटी_पाटी:
तिसऱ्याचं मी सांगते. स्क्रोल लॉक. तो चालू असला की ॲरोने शीट सरकते पण सेल तिथेच राहतो. डोळस माणसाला शीट सरकताना तरी दिसते, आपल्याला काहीच नाही. ती की दाबली जाते तेव्हा एनव्हीडीए स्क्रोल लॉक ऑन असं बोलतंही, पण घाईत कोण ऐकतंय. लॅपटॉपवर बऱ्याचदा ती कीच नसते, मग विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडून त्यातून बंद करावी लागते.

तिची एक सख्खी बहीण आहे एफ ८. एफ ७ किंवा एफ ९ च्या नादात ती दाबली गेली की पुढे जिथे जिथे जाल तिथपर्यंत सगळं सिलेक्ट होत जातं. मी अशीच चार ओळी खाली गेले, एका सेलमधला आकडा पुसायला डिलीट दाबलं आणि पाचही सेल साफ. कंट्रोल झेडने वाचवलं. तेव्हापासून डिलीटच्या आधी एनव्हीडीए काय सिलेक्टेड म्हणतंय ते ऐकते, आणि शंका आली की एस्केप.

आणि माझी खास फजिती ऐका. कंट्रोल खाली ॲरोने डेटाच्या शेवटी जाता येतं हे नवीन नवीन शिकले होते. रिकाम्या कॉलममध्ये उभी होते, दाबलं, थेट शीटच्या तळाला, १०,४८,५७६ व्या ओळीवर. मला वाटलं आला शेवट, तिथे टोटल असं लिहून मोकळी झाले. नंतर प्रिंट द्यायला गेले तर हजारो पानं! म्हणून नवीन शीट आली की मी आधी कंट्रोल एंड दाबते, वापरलेला शेवटचा सेल कुठे आहे ते कळतं. एफ ३१० वगैरे म्हणालं तर ठीक, लाखातला आकडा आला तर कुणीतरी माझ्यासारखं उद्योग करून ठेवलेत.

भिरभिरा:
एक्सेलच्या एवढ्या कटकटीपेक्षा गूगल शीट्स का नाही वापरत? सगळे एकत्र काम करतात, फाईल मेलवर फिरवावी लागत नाही.

कळफलक_कारकून:
मीही वापरतो की, चारचौघांत वाटलेली यादी असेल तर तेच बरं. पण आधी कंट्रोल ऑल्ट झेडने स्क्रीन रीडर सपोर्ट चालू करायचा आणि एनव्हीडीए फोकस मोडमध्ये (म्हणजे दाबलेल्या की थेट शीटला पोचतात त्या मोडमध्ये) आहे ना ते बघायचं, नसेल तर एनव्हीडीए स्पेस. ब्राउझ मोडमध्ये राहिलात तर ॲरो वेबपेज वाचत बसतो आणि तुम्ही शीट शोधत. मेनूत एखादी गोष्ट सापडत नसेल तर ऑल्ट आणि स्लॅश दाबून नाव टाइप करा, सरळ तिथे पोचता. एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत तेच काम ऑल्ट क्यू करतं. पण हजार ओळी, रोजचं काम आणि ब्राउझर असं गणित मला तरी नाही झेपत, तुमचं झेपत असेल तर आनंद आहे.

धूसर_खिडकी:
अहो काय सांगू, एनव्हीडीए शिफ्ट सी दाबलं आणि डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं! एफ २ पण जमलं. पण नवीन घोळ झालाय. आमच्या शीटला हेडिंगच्या दोन ओळी आहेत, वर महिना आणि त्याखाली आवक, जावक, शिल्लक. महिना तीन कॉलमवर मर्ज करून (तीन सेल जोडून एक करून) मधोमध लिहिलाय. आता मला आवक आवक आवक असं सगळीकडे ऐकू येतं, पण एप्रिलची की मेची ते नाही. वरची ओळ हेडिंग केली तर नुसता महिना बोलतो.

कळफलक_कारकून:
मर्ज केलेला सेल! हे दुखणं तुमच्या बोटांत नाही, शीटमध्ये आहे. दिसायला तो महिना तीन कॉलमवर पसरलेला असतो पण आत तो फक्त डावीकडच्या पहिल्या सेलमध्ये राहतो, बाकीचे दोन रिकामे.

असं करा, फाईलची कॉपी काढून घ्या आधी. वरची ओळ शिफ्ट स्पेसने सिलेक्ट करा, मग ऑल्ट, एच, एम, यू एकेक करून दाबा, मर्ज सुटेल. एप्रिलवर जा, शिफ्ट धरून दोन वेळा उजवीकडे, आणि कंट्रोल आर. तिन्हीत एप्रिल आला. मेचं तसंच. मग दुसऱ्या हेडिंगच्या खाली एक ओळ घाला (खालची ओळ शिफ्ट स्पेसने सिलेक्ट करून कंट्रोल शिफ्ट प्लस) आणि तिच्यात महिन्याचा सेल, अँडचं चिन्ह (&), अवतरणात एक स्पेस, परत अँडचं चिन्ह, त्याखालचा आवक-जावकचा सेल असा फॉर्म्युला लिहून उजवीकडे भरत न्या. एप्रिल आवक, एप्रिल जावक असं तयार होईल. जुन्या हेडिंगवर जाऊन एनव्हीडीए शिफ्ट सी दोनदा दाबून ते काढा आणि या नव्या ओळीवर एकदा दाबा.

नवी_रेघ:
मधेच बोलते, मी डोळस आहे पण माझ्याबरोबर काम करणारे एकजण जॉज वापरतात आणि त्यांना जाणाऱ्या शीट मीच बनवते. मर्ज तर मी सर्रास करते, छान दिसतं म्हणून. अजून काय काय चुकत असेल?

उलटी_पाटी:
विचारलंत हेच खूप! सगळ्यात जास्त छळतो तो रंग. लाल म्हणजे बाकी, हिरवं म्हणजे पूर्ण, असं ज्याने त्याने ठरवलेलं. स्क्रीन रीडर रंग आपणहून सांगत नाही, सांगायला लावला तर प्रत्येक सेलला रंग ऐकून डोकं पिकतं. रंग ठेवा की, पण शेजारी एक कॉलम घालून त्यात बाकी किंवा पूर्ण असं लिहा. तुम्हालाही फिल्टर लावायला सोपं, कंट्रोल शिफ्ट एल आणि हेडिंगवर ऑल्ट खाली ॲरो, झालं काम.

दुसरं, शोभेसाठी मधे सोडलेल्या रिकाम्या ओळी. कंट्रोल खाली ॲरो तिथेच अडकतो आणि आपल्याला वाटतं डेटा संपला. मी एकदा अर्धीच यादी तपासून पूर्ण झाली म्हणून कळवलंय. जागा हवी असेल तर ओळीची उंची वाढवा. आणि शीट १, शीट २, शीट ३ अशी नावं ठेवू नका हो, कंट्रोल पेज डाऊनने जाताना फक्त तेच ऐकू येतं. पाठवायच्या आधी रिव्ह्यू टॅबमधला ॲक्सेसिबिलिटी चेकर चालवा, मर्ज केलेले सेल तो दाखवून देतो. ओळींमधल्या शोभेचं मात्र तुम्हालाच बघावं लागेल.

धूसर_खिडकी:
एप्रिल जावक, एप्रिल शिल्लक, मे आवक! बोलतंय! फक्त नवी ओळ बघून साहेबांनी विचारलं की हेडिंग तीनतीनदा का, शीट घाणेरडी दिसते. मी म्हटलं माझा स्क्रीन बंद करतो आणि तुम्हाला हेडफोन देतो, ओळ ३१२ मधली मेची शिल्लक सांगा. ओळ राहिली.