शब्दचर्चा: इनर्शियल नेव्हिगेशनला मराठीत काय म्हणावं?

लातूर: पुतण्या विज्ञान प्रदर्शनासाठी बिनमाणसाच्या पाणबुडीचा तक्ता करायलाय. जीपीएसचा सिग्नल समुद्राच्या पाण्यात खोल शिरत नाही म्हणून खाली इनर्शियल नेव्हिगेशन वापरतात, त्याला कुठंतरी ‘जडत्वीय मार्गदर्शन’ लिहिलेलं सापडलं. पोरगं विचारायलंय, काका जड म्हणजे वजनाला जड का? काय सांगू?

नांदेड: दादा, जडत्व बरोबर आहे, शाळेतला जडत्वाचा नियम तोच. एसटीचं सांगा त्याला, डोळे मिटून बसलं तरी ब्रेक मारला की अंग पुढं जातं, वळण आलं की शेजारच्यावर कलतं, म्हणजे बाहेर न बघता गाडीनं काय केलं ते कळतं. पाणबुडीत ते काम अ‍ॅक्सेलरोमीटर (वेग किती बदलला ते मोजणारा) अन् जायरो (किती वळलं ते मोजणारा) करतात, त्यावरून वेग काढायचा अन् वेगावरून अंतर. पण ‘मार्गदर्शन’ काढा, त्यानं स्पर्धा परीक्षेचा क्लास आठवतो, अन् इथं तर सांगणारं बाहेरचं कुणीच नाही.

अंबाजोगाई: मला विचाराल तर ‘अदमास’. लाईट रात्रीची असली की वडील मोटार चालू करायला अंधारात बांधापासून पावलं मोजत जायचे, मधी बाभळीच्या खोडाला हात लागला की मोजणी तिथून नवी. ते खोडच महत्त्वाचं आहे. नुसत्या अदमासात चूक साचतच जाते, म्हणून पाणबुडी तळावर आवाज सोडती अन् परत आलेल्या आवाजाच्या पट्टीत पडलेल्या फरकावरून आपला खरा वेग तपासती, त्याला डॉप्लर म्हणतात, नाहीतर वरच्या जहाजाकडून आवाजानंच जागा काढून घेती. १९५८ ला अमेरिकेची नॉटिलस पाणबुडी उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून गेली, तिच्यात हे जडत्वाचंच यंत्र होतं. अंदाजपंचे मात्र म्हणू नका, ते बिनहिशोबी, अदमासाला हिशोब असतो.

लातूर: ‘जडत्वी अदमास’ लिहायलोय मग. अन् ड्रिफ्टला ‘वाहवत जाणं’ चालंल का?

नांदेड: नको, त्यानं प्रवाहानं नेलं असं वाटंल. ड्रिफ्टमधी पाणबुडी जागेवर उभी असली तरी यंत्राचा आकडा सरकत राहतो. रिकाम्या तराजूचं एक पारडं खाली असलं की आपण पासंग म्हणतो ना, तसा ह्या यंत्रातबी बारीक पासंग असतो, अन् तो प्रत्येक मोजणीत मिसळत जातो. पासंगानं आकडा सरकतो, एवढंच लिहा, पोराला लगेच कळंल.