वरातीचा घोडा उपाशी बांधून ठेवलाय. तक्रार कुठे करायची, कशी लिहायची?

पाऊसपाणी

मिरजेच्या बाहेर एका रिकाम्या प्लॉटवर वरातीचा पांढरा घोडा बांधलेला आहे. आषाढी झाली, लग्नं थांबली, तेव्हापासून तो तिथेच. पुढच्या पायांना पायबंद, शिवाय गळ्यातला दोर जेमतेम हातभर. बरगड्या रस्त्यावरून दिसतात. खाली चिखल, वर आडोसा नाही. रंगाच्या जुन्या डब्यात पाणी आहे, पण त्यावर हिरवा थर. संध्याकाळी एक मुलगा कधी ओला चारा टाकून जातो, कधी येतच नाही. घोडा मागचा एक पाय खुराच्या टोकावर टेकवून उभा असतो.

आधी फोन कुणाला करायचा, संस्थेला की पोलिसांना? पोलीस "हे आमचं काम नाही" म्हणाले तर पुढे काय? तोवर त्याला भिजवलेले हरभरे दिले तर चालतील का? आणि तक्रारदाराचं नाव मालकाला कळतं का?

खरारा

आधी काय दिसतंय ते नीट बघू या. फोनवर "घोडा मरायला टेकलाय" असं सांगितलं आणि गाडी पोचली तेव्हा तो निवांत चरताना दिसला, तर पुढच्या फोनला कुणी लवकर उठत नाही.

मागचा पाय टोकावर टेकवणं ही तक्रार नव्हे. घोडा उभ्याउभ्या विश्रांती घेतो तेव्हा मागचा एक पाय सैल सोडतो आणि थोड्या वेळाने पाय बदलतो. बदलतच नसेल तर मात्र दुखणं आहे. पुढचा पाय असा सैल सोडलेला दिसला तर दुखणं आहेच असं धरा. दोन्ही पुढचे पाय लांब पुढे रोवलेत, वजन मागे टाकलंय आणि हलायला तयार नाही, तर खुरांच्या आत दाह झालेला असू शकतो. ते तातडीचं.

बरगड्यांचंही तसंच. कामाच्या सडसडीत घोड्याच्या बरगड्या थोड्या दिसतातच, आणि पावसाने केस अंगाला चिकटले की आणखी दिसतात. मालक नेमकं हेच सांगेल, म्हणून फोटो अंग कोरडं असताना काढा. कण्याची धार वर आलेली, पुठ्ठ्याची हाडं टोकदार, शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडे खड्डे, मान आयाळीखाली बारीक झालेली: हे सगळं एकत्र दिसलं तर उपासमार किंवा मोठा आजार. पशुवैद्य यासाठी १ ते ९ अशी श्रेणी लावतात (हेनेके यांची १९८३ ची पद्धत). ५ म्हणजे ठीक, १ म्हणजे नुसता सांगाडा. तक्रारीत आकडा तुम्ही लिहू नका, दिसलं ते लिहा. आकडा डॉक्टर देतील.

समोर चारा असून घोडा हाडकलेला असेल तर जमिनीवर चावून टाकलेले चाऱ्याचे ओले गोळे आहेत का बघा. असतील तर दातांचा दोष असतो, आणि म्हाताऱ्या घोड्यात तो फार आढळतो. जंतही असू शकतात. अशा वेळी मागणी उपचाराची हवी.

लिदीकडे कुणी बघत नाही. पोट भरलेला घोडा दिवसात आठ-दहा वेळा तरी लीद टाकतो. बांधल्या जागी दिवसभरात दोन-तीन सुक्या, बारीक गोळ्यांच्या ढिगांपलीकडे काही दिसत नसेल, तर चारा आणि पाणी दोन्ही कमी पडतंय. या एका फोटोने डॉक्टरांना बरंच कळतं.

पुढच्या गोष्टींत मात्र थांबायचं नाही: घोडा आडवा पडलाय आणि उठत नाही, लोळतोय, वळूनवळून पोटाकडे बघतोय, घाम सुटलाय (पोटशूळ), जखमेत अळ्या आहेत, उघडं हाड दिसतंय. तेव्हा पशुसंवर्धन विभागाचा १९६२ आणि पोलिसांचा ११२, दोन्ही लावा. नाकातून घट्ट पिवळा स्राव आणि अंगावर गाठी-फोड असतील तर घोड्याला हात लावू नका, त्याच्या डब्यालाही नाही. तो ग्लँडर्स, म्हणजे घोड्यांचा संसर्गजन्य रोग, असू शकतो, आणि तो माणसाला होतो. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक असलेला रोग आहे, नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातात. तिथे संस्थेची वाट बघायची नाही, थेट सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना.

तोबरा

सांगली जिल्हा आहे म्हणजे तुमच्याकडे सोय बरी आहे. सांगली, सातारा, सोलापूर भागात 'ॲनिमल राहत' ओढकामाच्या जनावरांसाठीच काम करते. मुंबईत असता तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. बाकी बहुतेक शहरांतल्या संस्था कुत्र्या-मांजरांच्या. त्यांच्याकडे घोडा उचलायची गाडी नसते, ठेवायला जागा नसते. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच: "घोडा घेता का? आणि डॉक्टर जागेवर पाठवता का?" नाही म्हणाले तर वेळ न घालवता पुढचा फोन.

एक गोष्ट पक्की समजून घ्या. संस्थेला मालकाच्या ताब्यातला घोडा सोडवून नेण्याचा अधिकार नाही. तो पोलिसांचा, सरकारने अधिकार दिलेल्या माणसाचा आणि न्यायदंडाधिकाऱ्यांचा. संस्था डॉक्टर देते, जागा देते, मालकाशी बोलते. म्हणून दोन्हीकडे एकाच दिवशी कळवा.

फोटो असे: एक आडवा, पूर्ण घोडा, कॅमेरा त्याच्या पोटाच्या उंचीवर. एक सरळ मागून, पुठ्ठे दिसतील असा. खुरांचा जवळून. पायबंद आणि दोराची लांबी कळेल असा. पाण्याचा डबा वरून. शेवटी एक लांबून, शेजारचं दुकान, पाटी किंवा विजेचा खांब क्रमांकासह येईल असा, म्हणजे जागेबद्दल वाद राहत नाही. हे सगळं सार्वजनिक रस्त्यावरून, झूम करून. प्लॉटमध्ये शिरलात तर मालकाच्या हाती तुमच्याविरुद्ध तक्रार आली.

मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा. कापाकापी नको, वर अक्षरं नकोत. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तारीख-वेळेची आतली माहिती निघून जाते, म्हणून 'डॉक्युमेंट' करून पाठवा. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र मूळ फाइलवरूनच द्यावं लागतं.

फेसबुकवर व्हिडिओ टाकू नका. निदान घोडा ताब्यात येईपर्यंत तरी नको. रात्रीत टेम्पो येतो, घोडा दुसऱ्या तालुक्यात जातो, आणि तुमची तक्रार रिकाम्या प्लॉटची उरते. दोर सोडून देणं तर त्याहून वाईट: अंधारात पांढरा घोडा हायवेवर, आणि वर चोरीचा आरोप.

कलम अकरा

कायद्याची बाजू. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६०. तुमच्या वर्णनात कलम ११(१) चे दोन खंड सरळ बसतात: (ज), म्हणजे मालकाने पुरेसं खाणं, पाणी, निवारा न देणं, आणि (च), म्हणजे अवाजवी आखूड दोराने अवाजवी काळ बांधून ठेवणं. इंग्रजी प्रतीत हेच अनुक्रमे एच आणि एफ. जखमी किंवा लंगड्या घोड्याला वरातीत नाचवत असतील तर (ख), बी.

आता कटू भाग. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. हो, १९६० चाच आकडा, अजून तोच. आणि हे खंड अदखलपात्र आहेत. म्हणून ठाण्यात "एनसी (अदखलपात्र नोंद) घेतो" म्हणतात, ते खोटं नसतं. मालकाला शिक्षा व्हावी एवढाच हेतू असेल तर निराशा ठरलेली. घोडा तिथून हलावा हा हेतू असेल तर कलम ३४ वाचा: गुन्हा होतोय असं मानायला कारण असेल तर शिपायाच्या, म्हणजे कॉन्स्टेबलच्या, वरच्या दर्जाचा कोणताही पोलीस अधिकारी जनावर ताब्यात घेऊन जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे किंवा नेमलेल्या पशुवैद्याकडे तपासणीला नेऊ शकतो. कलम ३५ खाली दंडाधिकारी त्याला उपचारासाठी पाठवतात. खटला चालू असताना सांभाळ कुणी करायचा आणि खर्च मालकाकडून कसा घ्यायचा, याचे २०१७ चे वेगळे नियम आहेत. अर्जात कलम ३४ चा उल्लेख नसेल तर बहुधा नुसती नोंद होते आणि कागद तिथेच राहतो.

मालकाने घोड्याला कायमचं जायबंदी केलं असेल किंवा मारलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५. ते दखलपात्र, पाच वर्षांपर्यंत कैद. पण निव्वळ उपासमारीला ते ओढूनताणून लावू नका, अर्ज कच्चा पडतो.

मुदत विसरू नका. कलम ३६ प्रमाणे गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांनंतर या कायद्याखाली खटला भरता येत नाही. "दिवाळीपर्यंत बघू" म्हणालात तर आषाढातल्या फोटोंचा उपयोग संपला.

अर्ज एका पानाचा, दोन प्रती. एकीवर ठाण्याचा शिक्का आणि तारखेसह पोच. मजकूर साधारण असा:

"अमुक रस्त्यालगत, अमुक दुकानासमोरील मोकळ्या जागेत एक पांढरा नर घोडा आखूड दोराने व पायबंदाने बांधलेला असून दि. __ पासून दि. __ पर्यंत सोबतच्या फोटोंत दिसते त्या स्थितीत आहे. निवारा नाही, पाणी दूषित आहे, चारा नियमित नाही. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० चे कलम ११(१)(च) व (ज) यांचा भंग होत असल्याने कलम ३४ अन्वये घोडा ताब्यात घेऊन पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून तपासणी करून घ्यावी, ही विनंती."

"निर्दयी", "नराधम" असले शब्द नकोत. प्रत जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांना आणि जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाला ईमेल करा, पण ते हरियाणात बसतात, तिथून माणूस येईल ही अपेक्षा नको.

दाखला पशुधन विकास अधिकाऱ्याचाच, म्हणजे सरकारी पशुवैद्याचाच, हवा. दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक भेटले तर ते मदत करतील, पण त्यांचा कागद कोर्टात टिकत नाही. नोंदणीकृत पशुवैद्याची सही लागते.

नावाबद्दल: लेखी अर्जावर नाव येतंच, आणि प्रकरण पुढे गेलं की ते मालकाला दिसतं. तुम्ही शेजारीच राहत असाल तर संस्थेला फोटो द्या आणि अर्ज त्यांच्या लेटरहेडवर जाऊ द्या. निनावी फोनने तपासणी होऊ शकते, खटला उभा राहत नाही.

मोतद्दार

वरच्यांचं सगळं बरोबर, पण क्रम चुकतोय. पोटशूळ, पडलेला घोडा असं काही नसेल तर आधी मालकाशी बोलायला हवं. चातुर्मासात वरातवाल्याची कमाई शून्य आणि चंदीचा, म्हणजे दाण्याच्या खुराकाचा, खर्च रोजचा, म्हणून आधी चंदी बंद होते, मग चारा. पायबंद काढ, दोर लांब कर, वर ताडपत्री टाक: इतकं कुणी गोडीत सांगितलं तर निम्मे ऐकतात. प्लॉटच्या चिखलात खुराखालची मऊ गादी कुजते, काळा घाण वासाचा पू येतो, आणि असा घोडा कार्तिकात वरातीला उभाच राहणार नाही. हे त्याच्या धंद्याच्या भाषेत सांगा. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी लागतो, तोही बहुतेक आषाढापासून आलेला नसतो.

तोबरा

मोतद्दार, बोलणं ठीक, पण तक्रारदाराने एकट्याने नको. संस्थेचा माणूस किंवा डॉक्टर सोबत असू दे, आणि फोटो आधी काढून ठेवलेले हवेत. बोलणी फिसकटली की घोडा हलतो.

पाऊसपाणी

आज अंग कोरडं होतं. कण्याची धार आणि शेपटीजवळचे खड्डे दोन्ही दिसतात. पाय तो बदलतो. लीद जवळपास नाही. संस्थेला आणि ठाण्यात दोन्हीकडे दिलंय, पोच मिळाली. हरभऱ्यांचं राहिलं. आणि तो मुलगा म्हणतो, "मालक विकायला तयार आहे, घ्या ना तुम्हीच."

खरारा

हरभरे अजिबात नकोत. गूळ, पोळ्या, भात, काहीच नको. बरेच दिवस उपाशी असलेल्या घोड्याच्या पोटात एकदम धान्य गेलं की साखर वाढते, इन्सुलिन सुटतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. तीन-चार दिवसांनी, बरं वाटत असतानाच, हृदय किंवा श्वास थांबतो. लोक म्हणतात, "खायला घातलं तरी गेला." खायला घातलं म्हणून गेला.

घोडा ताब्यात आल्यावर डॉक्टर बहुधा लसूणघासाने सुरुवात करतात. मोठ्या घोड्याला पहिले तीन दिवस दर चार तासांनी साधारण अर्धा किलो वाळलेला लसूणघास, लहान चणीच्या घोड्याला त्याच प्रमाणात कमी. मग हळूहळू वाढवत दहाव्या दिवसाच्या सुमारास पोटभर. चंदी त्यानंतर, तीही डॉक्टर म्हणतील तेव्हा. धडधाकट ३०० किलोच्या घोड्याला दिवसाला सहा किलोच्या आसपास सुका चारा आणि पंधरा-वीस लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पटही. आत्ता तुमच्या हातात फक्त पाणी आहे. मुलाला विचारून, त्याच्याच हातून, स्वच्छ बादली ठेवता आली तर ठेवा.

कलम अकरा

विकत घेऊ नका. त्याच पैशांत कार्तिकापर्यंत दुसरा घोडा त्याच दोराला येतो, आणि तुमच्याकडे तबेला नाही. मालक सोडायला तयार असेल तर जप्तीपेक्षा हा रस्ता जलद आहे, फक्त विनामूल्य आणि लेखी हवा: घोड्याचा रंग, अंगावरच्या खुणा, अंदाजे वय, "स्वखुशीने संस्थेच्या ताब्यात देत आहे, पुढे हक्क सांगणार नाही", मालकाची सही, ओळखपत्राची प्रत, दोन साक्षीदार. नाव संस्थेचं, तुमचं नव्हे. गाडीत चढवण्याआधी डॉक्टरांकडून घोडा प्रवासाला योग्य असल्याचा दाखला घ्या, नाहीतर वाटेत नाक्यावर तुमचीच गाडी अडते. ठाण्यातल्या अर्जावर "मालकाने घोडा सुपूर्द केला" अशी नोंद करून घ्या. पुन्हा त्याच प्लॉटवर जनावर दिसलं तर हा कागद लागेल: तीन वर्षांच्या आत दुसरा गुन्हा सिद्ध झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नुसत्या नोंदीने ते होत नाही, आधीचा गुन्हाही शाबीत असावा लागतो. तेव्हा घोडा मिळाला म्हणून एनसी मागे घ्यायची की नाही, ते संस्थेच्या वकिलाला विचारून ठरवा.