नाव इंग्रजीत असेल तर चालतं, मराठीत असेल तर पार्स एरर?

सर्व्हरवर नवं कॅलेंडर बनवताना पार्स एरर (म्हणजे पाठवलेला एक्सएमएल मजकूर सर्व्हरला वाचता न येणं) आली, तर सल्ला मिळतो की नावातलं & चिन्ह एस्केप करा, म्हणजे त्याच्या जागी त्याचा एक्सएमएल कोड लिहा, की ती जाते. बरोबर आहे, पण आमच्याकडे नावात & नव्हतंच. फोंड्यातल्या आमच्या भजनी मंडळासाठी मी कॅलडॅव्हवरून (सर्व्हरवरची कॅलेंडरं हाताळायचा प्रोटोकॉल) कॅलेंडरं बनवत होतो. 'टेस्ट' इंग्रजीत लिहिलं की बनायचं, 'चतुर्थी' देवनागरीत लिहिलं की ४०० (विनंती चुकीची असल्याची एरर), आणि लॉगमध्ये 'डॉक्युमेंट अनपेक्षितपणे संपलं' अशा अर्थाचा संदेश. दोन संध्याकाळी मी एक्सएमएलमधले नेमस्पेस (टॅग कुठल्या गटातला ते सांगणारी नावं) तपासत बसलो. उगाच.

चूक एक्सएमएलमध्ये नव्हतीच. कंटेंट-लेंग्थ हा हेडर (मजकूर किती लांब आहे ते सर्व्हरला सांगणारा) मी हाताने भरत होतो, आणि तोही अक्षरं मोजून. तो बाइटमध्ये हवा असतो. युटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-वेलांटी-हलन्तसुद्धा वेगळे धरून. म्हणजे 'चतुर्थी' ७ चिन्हं, २१ बाइट. मी ७ च मोजले, म्हणून सर्व्हर १४ बाइट आधीच वाचायचं थांबवतो आणि शेवटचा, एमकेकॅलेंडर (कॅलेंडर बनवायची विनंती) बंद करणारा टॅग मधेच तुटतो. पार्सर बिचारा खरंच सांगत होता! मजकूर आधी एन्कोड करून मग लांबी मोजा, किंवा हे काम सरळ लायब्ररीवर सोडा. मी आता तेच करतो.

एररमध्ये पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीचीच जागा दाखवत असेल तर मात्र दुखणं वेगळं. बहुतेक एक्सएमएल डिक्लरेशनच्या ('<?xml' ने सुरू होणारी सगळ्यात वरची ओळ) आधी एखादी कोरी ओळ किंवा स्पेस राहिलेली असते. पायथनमध्ये ट्रिपल कोट्समध्ये (अनेक ओळींचा मजकूर लिहायची तीन अवतरणचिन्हं) टेम्प्लेट लिहिणाऱ्यांकडून हे हमखास होतं.