सीईटीला मैत्रिणीपेक्षा मार्क जास्त तरी पर्सेंटाइल कमी, असं कसं काय?

उदगीरचा_दादा:
नमस्कार मंडळी, बहिणीचा एमएचटी-सीईटीचा (इंजिनिअरिंगला लागणारी राज्याची प्रवेश परीक्षा, पीसीएम म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) निकाल लागलाय. आन्सर की लावून बघितली तर 200 पैकी 124 मार्क होतायत, फिजिक्स 30, केमिस्ट्री 34, मॅथ्स 60. पर्सेंटाइल आलं 91. तिच्या मैत्रिणीला 118 मार्क आणि पर्सेंटाइल 93, तिचा पेपर दुसऱ्या दिवशी होता. वर तीन विषयांचं पर्सेंटाइल 84, 90, 93 आहे, त्याची सरासरी काढली तर 89 येते, मग 91 कुठून आलं? लेकरू कालपासून जेवलं नाही नीट, चेकिंगमध्ये गडबड झाली म्हणून रडायलंय. कुणी नीट समजावून सांगा.

गणिताचे_सर_अंबाजोगाई:
दादा, गडबड काही नाही, आधी तिला जेवायला लावा. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. तिच्या शिफ्टला, म्हणजे त्याच वेळी तोच पेपर द्यायला, जेवढी पोरं बसली त्यातल्या किती जणांना तिच्याएवढे किंवा तिच्यापेक्षा कमी मार्क पडले, ते शंभरात सांगतात. समजा शिफ्टला 20,000 पोरं होती आणि 18,200 जण 124 किंवा त्याच्या खाली राहिले, तर झाले 91. मैत्रिणीच्या शिफ्टला पेपर अवघड निघाला असणार, तिथं 118 वरच 18,600 पोरं खाली राहिली तर तिचे 93. पेपर रोज वेगळा असतो, म्हणून कच्चे मार्क एकमेकींशी लावून बघायचेच नाहीत. प्रत्येक शिफ्टच्या पहिल्याला 100 पर्सेंटाइल मिळतं, मग त्याचे मार्क 180 असोत नाहीतर 195.

सरासरीचं म्हणाल तर टोटलचं पर्सेंटाइल विषयांच्या पर्सेंटाइलवरून काढतच नाहीत, 200 पैकीच्या एकूण मार्कांवर वेगळं काढतात. त्यात मॅथ्सचे 50 प्रश्न दोन-दोन मार्कांचे, म्हणजे निम्मे मार्क मॅथ्सचेच, आणि तिचं मॅथ्सच चांगलं आहे.

नांदेड_इंजिनिअरिंग:
सर बरोबर सांगायलेत. मी पण असाच घाबरलो होतो, आमच्या गावातल्या क्लासवाल्यानं तर सरासरीच काढून दिली होती आणि घरचे दोन दिवस टेन्शनमध्ये. एक विचारतो दादा, बहिणीनं प्रश्न सोडले होते का कोरे?

उदगीरचा_दादा:
हो ना, मॅथ्सचे 9 सोडले, चुकलं तर मार्क कापतील म्हणून.

गणिताचे_सर_अंबाजोगाई:
अरे देवा. मार्क कापतात ते जेईई मेनला, बरोबर असेल तर 4 आणि चुकलं की उणे 1. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाहीच. चार पर्यायातला एक ठोकला असता तरी 9 मधले दोन लागू शकले असते, म्हणजे 4 मार्क, आणि 91 च्या आसपास पोरांची एवढी दाटी असते की 4 मार्कांत बरीच जण मागं पडतात. दरवर्षी वर्गात कंठशोष करतो मी यावर, तरी जेईईची भीती घेऊन पोरं सीईटीला बसतात, फार वाईट वाटतं. लहान भावंडं असतील तर त्यांना आत्ताच सांगून ठेवा.

आता तिनं राज्याचा मेरिट नंबर बघावा आणि मागच्या वर्षीचे कॅप राउंडचे (राज्याच्या प्रवेश फेऱ्यांचे) कटऑफ आपल्या कॅटेगरीचे काढावेत. बारावीला पीसीएममध्ये 45 टक्के, राखीवला 40 लागतात, तेवढे आहेत ना?

उदगीरचा_दादा:
बारावीला चांगले आहेत सर, 80 च्या वर. तुमचं सगळं तिला वाचून दाखवलं, आता वही घेऊन बसलीय कटऑफ लिहायला. मेरिट नंबर आला की इथंच टाकतो.